सुई टोचल्यावर पहिला फोन कुणाला?

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वय साठीच्या पुढे, पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त. चौदा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या न चुकता घेत आले आहेत, आणि त्यांच्या रक्तातला विषाणू कित्येक वर्षं चाचणीत सापडत नाही इतका खाली आहे. मोतीबिंदू वाढला म्हणून ते पुण्यातल्या एका रुग्णालयात गेले आणि लपवाछपवी नको म्हणून आपणहून सगळं सांगून मोकळे झाले. ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी फोन आला, मशीन बंद पडलंय, दुरुस्त झालं की कळवतो. पुन्हा फोन आला नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारणीचा डोळा त्याच मशीनवर झाला. हा प्रसंग त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, मी नुकताच एका चर्चेत सांगितला आणि सभागृहात दोन तट पडले. एका बाजूने म्हणणं असं की डॉक्टरांतली माणुसकी संपली. दुसरी बाजू म्हणाली, तुम्ही एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहा, हातात रक्ताने माखलेली सुई धरा, मग बोला. तासभर वाद झाल्यावर दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं: आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना एचआयव्हीचं आणखी प्रशिक्षण द्यायला हवं. टाळ्या वाजल्या. मला मात्र तिथेच खरी काळजी वाटली.

कारण हे प्रशिक्षण मी बावीस वर्षं देत आले आहे. नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, डॉक्टरांसमोर बोलले, शिबिरं घेतली. त्या अनुभवावरून माझं स्पष्ट मत आहे की आपण आज ज्याला प्रशिक्षण म्हणतो तेच आणखी दिलं तर काहीही बदलणार नाही. एचआयव्ही कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे त्या नेत्रतज्ज्ञाला ठाऊक नव्हतं असं कुणी प्रामाणिकपणे म्हणेल का? परीक्षेत विचारलं असतं तर त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले असते. अडचण वेगळीच आहे. आपलं प्रशिक्षण चुकीच्या खोलीत भरतं, अनोळखी भाषेत बोलतं, आणि काम करणाऱ्याच्या मनातल्या भीतीला तोंड फुटू देत नाही. त्याची सुरुवात शिकणाऱ्याच्या स्वतःच्या टोचलेल्या बोटापासून व्हायला हवी, आणि ते वॉर्डातल्या शेवटच्या हातापर्यंत पोचायला हवं. या दोन गोष्टी होत नाहीत तोवर माहिती आणि वागणूक यांची गाठ पडायची नाही.

भीतीपासूनच सुरुवात करते, कारण विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे आणि तो खरा आहे. आरोग्यसेवेत काम करणाऱ्याला सुई टोचते. रात्रपाळीत, घाईत, झटके देणाऱ्या रुग्णाला सलाइन लावताना टोचते. जो म्हणतो यात घाबरण्यासारखं काही नाही, त्याने ते काम केलेलं नाही. पण भीतीलाही माप असतं. औषधं न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई हजार वेळा टोचली तर सरासरी तीन वेळा लागण होते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या व्यक्तीला टोचली तर लागणीची शक्यता ६ ते ३० टक्के असते. म्हणजे ज्या आजाराची भीती जास्त त्याचा धोका कितीतरी कमी, आणि ज्याचा धोका जास्त त्याची लस उपलब्ध असूनही कित्येकांनी तिचे तिन्ही डोस पूर्ण केलेले नसतात. मी वर्गात विचारते, तिसरा डोस झालेल्यांनी हात वर करा. वर येणारे हात मोजायला फार वेळ लागत नाही. यातला मूर्खपणा दाखवून कुणाला खिजवण्यासाठी मी हे विचारत नाही. माणसाला आपल्या जिवाची काळजी आहे, पण ती काळजी कुठे लावायची हे त्याला कुणी दाखवलेलं नाही, एवढंच त्यातून दिसतं.

मग पुढचा युक्तिवाद येतो: ठीक आहे, पण रुग्ण ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे एचआयव्ही चाचणीत बाधित, आहे की नाही हे मला आधी कळायला नको का? ऐकायला हा अगदी रास्त वाटतो. याच्याच जोरावर कित्येक ठिकाणी ऑपरेशनआधी न विचारता चाचणी होते, फाइलवर लाल टिकली लागते, रुग्णाचा नंबर यादीत शेवटी जातो आणि बिलात एका वेगळ्या किटचे पैसे वाढतात. या रिपोर्टने नेमकं कोणाचं रक्षण होतं ते तपासून पाहू. नुकतीच लागण झालेल्या माणसाची चाचणी पहिले काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते आणि नेमक्या त्याच काळात त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड असतो. उलट, वर्षानुवर्षं औषधं घेणाऱ्या, आपणहून सांगणाऱ्या माझ्या त्या परिचिताच्या रक्तात तो जवळपास नसतोच. रिपोर्ट पाहून काळजी घेणारा माणूस पहिल्याशी निर्धास्त वागतो आणि दुसऱ्याला परत पाठवतो. शिवाय अपघातातून थेट आलेल्या, बेशुद्ध, नाव-गाव माहीत नसलेल्या रुग्णाचा रिपोर्ट कुठून आणणार? प्रत्येक रक्त संसर्गजन्य आहे असं धरून प्रत्येकाशी सारखंच वागायचं, हा नियम १९८० च्या दशकात घातला गेला तो भाबड्या समतेपोटी नव्हे. काम करणाऱ्याला वाचवण्याचा दुसरा मार्ग सापडला नाही म्हणून तो घातला गेला.

आणि सक्तीने शोधून काढण्याचा प्रयोग पुण्याने एकदा पाहिलेला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, आजारी माणसं ओढून काढली गेली. हेतू साथ आटोक्यात आणण्याचाच होता. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसं माळ्यावर, अडगळीच्या खोलीत लपवू लागले. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं ते आपण शाळेत शिकतो. पण ज्या घरांनी आपला रुग्ण दडवला आणि ज्यांच्यापर्यंत उपचार पोचलाच नाही, त्यांचं कुणी शिकवत नाही. त्याच प्लेगमध्ये हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता आणि सावित्रीबाई मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथे आल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आज कुणी आरोग्यसेविकेने हौतात्म्य पत्करावं असं मी मुळीच म्हणत नाही. सावित्रीबाईंकडे हातमोजे नव्हते, लागण टाळणारी प्रतिबंधक गोळी नव्हती. आपल्याकडे दोन्ही आहे, आणि तरी आपल्याला रुग्णाला हात लावायचा नाही. हे मला सहन होत नाही.

आणखी एक आक्षेप अलीकडे जास्त ऐकू येतो, तोही वजनदार आहे. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण आता ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. मधुमेह घरोघरी आहे. डॉक्टरला वेळ कमी, शिकायच्या गोष्टी ढीगभर. मग याच्यावर तास का घालवायचे? मी उलटं विचारते. देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे. एप्रिल २००४ मध्ये सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सुरू केली, २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध देण्याचं धोरण आलं, आणि ही माणसं जगली. जगली म्हणजे म्हातारी होऊ लागली. आता त्यांना गुडघेदुखी होते, रक्तदाब वाढतो, दात किडतात, बाळंतपणं होतात, मोतीबिंदू होतो. त्यांना एआरटी सेंटरबाहेरचा डॉक्टर लागतो आणि त्या डॉक्टरनेच एचआयव्हीचा रुग्ण फार पाहिलेला नसतो. नव्वदच्या दशकात शिकलेल्या डॉक्टरांनी वॉर्डात रुग्ण दगावून खाटाच्या खाटा रिकाम्या होताना पाहिल्या. त्यांच्या भीतीला निदान अनुभवाची किनार होती. आजच्या तिशीतल्या डॉक्टरकडे ती वारशाने आली आहे, चेहऱ्याविना. आजार विरळ झाला म्हणूनच तो शिकवणं जास्त गरजेचं झालं आहे.

आता चुकीच्या खोलीविषयी. डॉक्टरांना परवाना नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजे अशा व्याख्यानांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात, म्हणून हॉटेलच्या सभागृहात व्याख्यानं होतात. पडद्यावर इंग्रजी स्लाइड्स, मग जेवण, मग प्रमाणपत्र. तिथे वॉर्डातली साफसफाई आणि वरकाम करणारे मामा नसतात, मावशी नसतात. रक्ताळलेल्या चादरी कोण उचलतं? ऑपरेशननंतर ट्रॉली कोण पुसतं? काउंटरवर रुग्णाचं नाव मोठ्याने पुकारून ‘तो स्पेशल केस आलाय’ असं कोण म्हणतं? सुई कॅप न लावता कटरमध्ये तोडून पांढऱ्या डब्यात टाकायची, हा नियम पाळला न गेल्याने ती सुई काळ्या पिशवीतून ज्या हातात घुसते तो हात कोणाचा? त्या मावशी बहुतेकदा कंत्राटावर असतात, ठेकेदार दर वर्षी बदलतो, आणि प्रशिक्षणाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये त्यांचं नाव नसतं. मोतीबिंदूच्या त्या गृहस्थांना फोन करून मशीन बंद असल्याचं सांगणाराही डॉक्टर नव्हता, तो काउंटरवरचा मुलगा होता.

इथे छोट्या रुग्णालयांची बाजू मांडली पाहिजे. पंधरा-वीस खाटांचं नर्सिंग होम चालवणारे एक डॉक्टर मला म्हणाले, “मॅडम, सगळ्यांना दिवसभर तुमच्याकडे पाठवलं तर वॉर्ड कोण बघणार? आणि जूनमध्ये शिकवलेली सिस्टर डिसेंबरमध्ये दुसरीकडे जाते.” त्यांचं बरोबर आहे. पुण्यातल्या आरोग्यसेवेचा मोठा भाग अशाच छोट्या जागांवर चालतो आणि तिथली माणसं सतत बदलतात. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? प्रशिक्षण नको, असा निघत नाही. दिवसभराचं शिबिर नको, एवढाच निघतो. ड्यूटी बदलताना सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर देतात, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवतात, त्या वेळी वीस मिनिटं, वॉर्डातच, त्या पांढऱ्या डब्याशेजारी उभं राहून, महिन्यातून एकदा. त्यात मामा-मावशी असतील, आरएमओ, म्हणजे रुग्णालयातले निवासी डॉक्टर, असतील, काउंटरवरचा मुलगाही असेल. नवीन आलेली व्यक्ती जास्तीत जास्त महिनाभर अडाणी राहील. मी हे काही ठिकाणी करून पाहिलं आहे. व्याख्यानात कधीही न विचारले गेलेले प्रश्न तिथे पहिल्या पाच मिनिटांत येतात.

भाषेचा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो आणि त्यावर फारच कमी बोललं जातं. एचआयव्हीचं निदान उशिरा होण्याचं एक मोठं कारण म्हणजे डॉक्टर विचारतच नाहीत. वजन उतरलेलं, तोंडात पांढरा थर, अंगावर नागीण, वरचेवर ताप. सगळं समोर असतं आणि तरी चाचणी सुचवली जात नाही, कारण समोर बसलेली बाई ‘चांगल्या घरातली’ असते. याच पुण्यात, १९९३ ते १९९६ या काळात, लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायात असलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांना लागण झालेली होती. पण त्या व्यवसायात नसलेल्या, बहुतेक विवाहित आणि नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या स्त्रियांमध्येही १३.६ टक्क्यांना होती. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी आपल्याच गावातल्या बायकांकडून हे शोधून काढलं आणि जगाने त्याची दखल घेतली. तरीही आपल्या ओपीडीत आजही घर पाहून निदान ठरतं.

आणि विचारायचं म्हटलं तरी शब्द कुठे आहेत? ‘बाहेर संबंध आहेत का?’ हा प्रश्न नाही, आरोप आहे. समोरचा माणूस ‘नाही’च म्हणणार, बरोबर बायको बसलेली असेल तर शंभर टक्के. इंग्रजीत शिकलेला डॉक्टर इंग्रजीत हा इतिहास घेऊ शकतो. मराठीत त्याची जीभ अडखळते, कारण त्याच्या घरात, शाळेत, वैद्यकीय महाविद्यालयात हे मराठीत कुणी बोललेलंच नसतं. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं ते हे बोलणं साध्या मराठीत आणण्यासाठी. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, तरी १९५३ मध्ये जाईपर्यंत ते लिहीत राहिले. शंभर वर्षं होत आली, आणि आमच्या नर्सिंगच्या मुली अजूनही ‘खाली त्रास आहे का’ इथेच थांबतात. मी त्यांच्याकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेते: “हे प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते, तसे तुम्हालाही विचारते, उत्तर द्यायचं नसेल तर चालेल.” मग शरीरसंबंध, निरोध, जोडीदार पुरुष की स्त्री, हे शब्द. पहिल्या दिवशी हसू फुटतं, मान खाली जाते. चौथ्या दिवशी आवाज सरळ होतो. हे स्लाइड दाखवून होत नाही, त्याला रियाज लागतो.

कायदा आहेच, तो कडक करा, असं कार्यकर्ते मित्र म्हणतात. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि मी त्याच्या पूर्णपणे बाजूने आहे. भेदभावाला त्यात बंदी आहे, संमतीशिवाय चाचणीला बंदी आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग क्वचितच कुणी उच्चारतो. आरोग्य संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संरक्षणाची साधनं द्यावीत, ती वापरायचं शिक्षण द्यावं, आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध उपलब्ध करून द्यावं, हेही त्याच कायद्यात आहे. वीस किंवा अधिक माणसं काम करणाऱ्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. तुमच्या रुग्णालयातला तो अधिकारी कोण, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. आपण कायद्याचा अर्धा भाग रुग्णाच्या वतीने डॉक्टरांवर उगारतो आणि कर्मचाऱ्यांच्या हक्काचा अर्धा त्यांच्यापासूनच दूर ठेवतो. मग त्यांना हा कायदा आपल्या विरोधातला वाटला, तर दोष कोणाचा?

म्हणून आता मी वर्ग सुरू करताना विषाणूचं चित्र दाखवत नाही. विचारते, “रात्री दोन वाजता सुई टोचली, तर पहिला फोन कुणाला?” मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणीही उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं बोट पिळायचं, कुणी स्पिरिट ओतायचं, कुणी तोंडात घालायचं. मग आपण नळाखाली उभे राहतो: साबण आणि वाहतं पाणी, पिळायचं नाही, काही ओतायचं नाही. औषध शक्यतो दोन तासांच्या आत, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस. ते कुठल्या कपाटात आहे? इथे नसेल तर जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं? तो नंबर भिंतीवर आहे का? एवढं झाल्यावर लोकांचे खांदे सैल पडतात. मगच मी सांगते की औषधांनी विषाणू नगण्य पातळीला गेलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातही लागण होत नाही, आणि उपचार हाच प्रतिबंध हे २०११ मध्ये ज्या अभ्यासाने सिद्ध केलं, त्यातल्या जोडप्यांमध्ये पुण्यातली जोडपीही होती. सुईच्या बाबतीत पुरावा तितका थेट नाही, हेही सांगते, कारण पुढे खोटं ठरणारं आश्वासन दिलं तर माझ्यावरचा विश्वास जाईल. आणि वर्गात शक्य असेल तेव्हा एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती शिक्षक म्हणून असते, मानधन घेऊन, समान खुर्चीवर. कहाणी सांगून रडवणारी पाहुणी म्हणून मी कुणाला बोलावत नाही. ती व्यक्ती औषधांचं वेळापत्रक शिकवते आणि रुग्णालयात आपल्याशी कोण कसं वागलं ते सांगते. अशी व्यक्ती समोरच्या बाकांवरही बसलेली असू शकते, हे मी दर वेळी बोलून दाखवते.

गेल्या पावसाळ्यात एका छोट्या रुग्णालयात अशीच वीस मिनिटं घेतली. फाइलवर लाल टिकली हवीच, आम्हाला कळायलाच पाहिजे, असं सगळ्यात जोरात म्हणणाऱ्या एक मावशी होत्या. बाकीचे गेले तरी त्या झाडू हातात धरून रेंगाळल्या. म्हणाल्या, “मॅडम, मला चार वर्षांमागं सुई लागली होती. कचऱ्याच्या पिशवीतून. कुणाला नाही सांगितलं.” का, विचारलं. “काढून टाकतील ना.” चार वर्षं त्या दर तापाला हेच असेल का म्हणून घाबरत होत्या. मी त्यांना सांगितलं की आता प्रतिबंधक गोळीचा काळ गेला, पण सरकारी केंद्रात चाचणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “तिथला कागद इथल्या सिस्टरला तर नाही ना जाणार?” तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही नाही, असं मी म्हणाले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा मागायचं ठरलं, आणि रजेसाठी कारण काय सांगायचं ते आम्ही दोघींनी तिथेच, पांढऱ्या डब्याशेजारी उभं राहून ठरवलं.